सप्तव्यसनत्याग आणि व्यसनबद्ध जीव

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मार्गात येऊ इच्छिणाऱ्यास सप्त व्यसनांचा त्याग प्रथम सांगितला जातो. मद्य, मांस, द्यूत, चौर्य, मृगया, वेश्यागमन आणि परदारगमन ही ती सात होत. या नियमाविषयी आपल्यात मतभेद नाही व तो उत्पन्न करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतूही नाही. प्रश्न निराळा आहे. एखाद्या उपदेशी पुरुषाने देवापुढे मद्यत्यागाचा नेम घेतला, काही महिने पाळला आणि पुन्हा तो प्याला, तर त्याच्या संबंधात आपले कर्तव्य कोणते? त्याच्याकडे पाठ फिरवावी, की त्याला हात द्यावा? आणि हात द्यावयाचा, तर तो कसा?

हा प्रश्न केवळ ग्रंथचर्चेचा नव्हे. सर्वज्ञांच्या वास्तव्याने पुनीत झालेली डोमेग्राम आणि निधिवास म्हणजे नेवासे ही स्थाने ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात) आहेत, त्याच जिल्ह्यात आज उसाचे मळे पसरले आहेत आणि साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क तयार होत आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या दिवसांत, नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारूने अनेकांचे प्राण घेतले. दारू गावात आहे, घरात आहे, आणि आपल्या वासनिकांची घरेही त्याच गावांत आहेत.

व्यसनी मनुष्याविषयी लोकांत दोन मते आढळतात. एक म्हणते, हा स्वेच्छेने पितो. मनात आणील तर उद्या सोडील. सोडीत नाही म्हणून तो दोषी व दंडास पात्र. दुसरे म्हणते, हा रोगाच्या अधीन आहे. याच्या हाती काही उरलेले नाही. पहिले मत जीवाला पूर्ण स्वतंत्र मानते, दुसरे त्याला केवळ बद्ध मानते. आपले तत्त्वज्ञान या दोहोंस मान्यता देत नाही. देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव बद्धमुक्त, असा आपला सिद्धान्त आहे. जीव अनादी अविद्येने बांधलेला खरा. परंतु बंध सुटण्याची योग्यता त्याच्या ठायी आहे. व्यसन हा त्या मोठ्या बंधाच्या पोटातील एक लहान बंध समजला, तर व्यसनी मनुष्याकडे पाहण्याची दृष्टी आपोआप नीट होते. तो बद्ध आहे, म्हणून नुसत्या धिक्काराने सुटणार नाही. तो मुक्तीस योग्य आहे, म्हणून त्याची आशा सोडण्याचा अधिकार कोणासही नाही.

आता हा बंध कोठे कोठे पडलेला असतो ते पाहू. दृष्टांतपाठातील हत्तीचा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. जात्यंधांनी हत्ती चाचपला. ज्याच्या हाती जो अवयव आला, तोच त्याला हत्ती वाटला. व्यसनी मनुष्याचेही तसेच होते. वैद्याला त्याचे सुजलेले यकृत दिसते, पोलिसाला गुन्हा, सावकाराला थकलेले कर्ज, मुलांना भय आणि आपल्यासारख्यांना मोडलेला नेम. प्रत्येकाचे म्हणणे खरे. पण कोणाचेही पूर्ण नव्हे. एकेका अवयवावर उपाय केल्याने मनुष्य बरा होत नाही, याचे कारण हेच.

प्रथम देहाचा विचार करू. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातांना कंप सुटतो, झोप उडते, काहींना झटके येतात, भ्रम होऊन नसलेले दिसू लागते. प्रसंगी मृत्यूही ओढवतो. वैद्यकाच्या देखरेखीखाली औषधे व ब-१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुखरूप पार पाडता येतो. यास्तव, ‘देवापुढे शपथ घे आणि आजपासून बंद कर’ एवढेच सांगून अशा मनुष्याला घरी धाडणे हे अज्ञानाने घडणारे हिंसाकर्म ठरू शकते. अहिंसेचा एवढा सूक्ष्म विचार करणाऱ्या मार्गाने या बाबतीत गाफील राहू नये. नेम द्यावा, पण त्याआधी त्याला रुग्णालयात न्यावे.

देहाबरोबर पोटाचा व परिसराचा विचार येतो. याच जिल्ह्यातील दोन गावे सर्वपरिचित आहेत. हिवरे बाजार हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड झाले. शेती गेली, लोक परगावी गेले, दारू वाढली. पुढे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने जे पाच नियम स्वीकारले, त्यांत नशाबंदी होती. परंतु ती एकटी नव्हती. तिच्यासोबत श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी होती. पाणी अडले, रान हिरवे झाले, गेलेली कुटुंबे परतली. रिकाम्या हाताला काम मिळाले म्हणून बंदी टिकली. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीतही अण्णा हजारे यांनी दारूच्या भट्ट्या बंद करविल्या आणि पाणलोटाच्या कामाने गाव सावरले. मात्र तेथे एके काळी मद्यप्यांना खांबाला बांधून फटके मारीत, हीही प्रसिद्ध गोष्ट आहे. गावाच्या भल्याची तळमळ त्यामागे होती, हे मान्य करूनही तो मार्ग आपल्याला स्वीकारता येत नाही.

येथे सशाची लीळा आठवावी. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञांच्या आश्रयास आला आणि पारध्यांनी मागितला असता सर्वज्ञांनी तो दिला नाही. आश्रयास आलेल्याची पात्रता तेथे तपासली गेली नाही. व्यसनी मनुष्याच्या मागे तर व्यसनच पारध्यासारखे लागलेले असते. तो आपल्या दाराशी आला असता आपणच हाती काठी घ्यावी काय? राजशासनाचा कायदाही आता याच बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांपासून उद्भवणाऱ्या मनोविकारांस आजारांत गणले आहे आणि अशा रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

यानंतर कुटुंब. एकांकातील भरवसच्या लीळेत श्रीहरिपाळदेवांच्या रूपाने द्यूताचा प्रसंग येतो. परमेश्वराच्या ठायी व्यसन कल्पू नये. लीळा ही जीवाच्या बोधासाठीच असते. द्यूतात द्रव्य हरले, देणे झाले आणि कमळाइसांकडे अलंकार मागितले गेले. त्यांनी ते दिले नाहीत. या प्रसंगाकडे आपण बहुधा स्वामींच्या उदासीनतेचे निमित्त म्हणूनच पाहतो. पण एका व्यसनाचे देणे अखेर स्त्रीच्या अंगावरील अलंकारांपर्यंत येऊन पोहोचते, हेही त्यात दिसते. आजही मंगळसूत्र गहाण पडते. ‘नवऱ्याला सांभाळून घे’ असे त्या बाईला सांगणे सोपे आहे. तिला कोण सांभाळणार, हे आपण विचारीत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे केंद्र सुरू केले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. पत्नीचाही स्वतंत्र विचार झाल्यावाचून उपचार पुरा होत नाही, हे त्यांनी ओळखले.

शेवटी संग. व्यसन संगाने लागते, तसे संगानेच सुटते. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यासक्तांच्या भेटीतून सुरू झालेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ याच तत्त्वावर उभी आहे. सुटलेला मनुष्य सुटू पाहणाऱ्याजवळ बसतो, आणि दोघेही केवळ आजच्या दिवसापुरता नेम धरतात. आपल्याकडे तर सत्संगाची, नामस्मरणाची, नित्य दिनचर्येची परंपरा सिद्धच आहे. आश्रमाने वैद्य होऊ नये; परंतु रुग्णालयातून परतलेल्या मनुष्याची रिकामी संध्याकाळ भरून काढणे आश्रमाला जितके शक्य आहे तितके रुग्णालयाला नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, मद्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांचे दुःख पहिल्याने ज्याच्या कानी पडते, तो पुष्कळदा गावातला एखादा साधूच असतो. त्याला जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि १४४४६ हा शासनाचा विनामूल्य दूरध्वनी ठाऊक असावा, एवढी अपेक्षा मोठी नाही.

कोणी आक्षेप घेतील की, अशाने आचार सैल होईल. मोडलेल्या नेमाला क्षमा मिळते असे दिसले, तर नेमाचे मोल उरणार नाही. आक्षेप गंभीर आहे. परंतु नेम सैल करणे आणि दार उघडे ठेवणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. प्यालेल्यास ‘चालायचेच’ म्हणणे हे पहिले. ते आपण कदापि करू नये. त्याला पैसे देऊ नयेत, त्याची खोटी बाजू घेऊ नये, घरात मारहाण होत असेल तर आधी बायकामुलांचे रक्षण करावे. पण तो अनुतापाने परत आला, तर त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहू द्यावे. आपल्या मार्गात प्रायश्चित्त सांगितले आहे, ते कोणासाठी? जो कधी ढळणारच नाही त्याला प्रायश्चित्ताचे प्रयोजन नाही, आणि ढळलेल्यास परतीची वाटच नसती तर ते सांगण्याचेही कारण नव्हते. व्यसनमुक्तीच्या वाटेवर पुन्हा घसरणे वारंवार घडते, हा वैद्यांचाही अनुभव आहे. म्हणून ते रुग्णाला टाकून देत नाहीत.

त्याग हा ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. दुसऱ्याच्या वतीने व्यसन सोडता येत नाही, हे खरे. परंतु त्याग करण्याइतके बळ अंगी येईपर्यंत त्याचा देह जगविणे, घर सावरणे, हाताला काम मिळवून देणे आणि त्याच्याजवळ बसणे एवढे दुसऱ्याच्या हाती निश्चित आहे. या पुढच्या पर्वणीस आपल्या स्थानाच्या पायरीशी असा कोणी मान खाली घालून उभा दिसला, तर त्याने काय मोडले हे त्याला विचारण्याची गरज नाही. ते त्याला आपल्याहून अधिक ठाऊक असते. त्याने काही खाल्ले आहे काय, हे आधी विचारावे.

दंडवत प्रणाम.