रक्ताची साक्ष



खोपोलीहून पेणला जाणारा रस्ता कर्जत-खालापूरच्या माणसाच्या पायाखालचा आहे. त्या बाजूला पेण तालुक्यात गागोदे नावाची दोन गावे आहेत. गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. गागोदे खुर्दच्या रानात मे २०१२ मध्ये एक अर्धवट जळालेला मृतदेह गावकऱ्यांना आढळला. काही अवशेष तपासणीसाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले, उरलेले तेथेच पुरले गेले, आणि पुढची तीन वर्षे त्या देहाला नाव नव्हते. ऑगस्ट २०१५ मध्ये बेकायदा शस्त्राच्या प्रकरणात पकडलेल्या एका माणसाच्या जबानीवरून पोलीस त्या जागी परतले. अस्थी उकरल्या गेल्या, कलिना येथील न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यांच्या डीएनएची एका आईच्या रक्ताशी तुलना झाली, आणि त्या शीना बोरा या तरुणीच्या आहेत असा निष्कर्ष निघाला. ती आई स्वतः या खटल्यात आरोपी आहे. तिने आरोप नाकारले आहेत, बचाव पक्षाला हा पुरावाही मान्य नाही. निवाडा न्यायालय करील. आपण त्यात पडू नये.

आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. एका माणसाच्या रक्ताने त्याच्या आप्ताविषयी साक्ष द्यावी काय?

गागोद्याला आई आणि मुलगी एवढाच संबंध होता. आता विज्ञान चुलत-मावस नात्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत पोहोचले आहे. घटनास्थळी सापडलेल्या रक्ताची ओळख पटत नसेल, तर हौसेने वंशावळ शोधणाऱ्या लोकांनी जेथे आपली लाळ तपासून नोंदवली आहे अशा साठ्यात ते ताडून पाहतात. एखादा दूरचा चुलतभाऊ सापडतो. मग जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदींवरून त्याचे खानदान कागदावर मांडले जाते आणि वजा करता करता एका माणसावर बोट येते. शेवटी त्या माणसाचा स्वतःचा नमुना घेऊन थेट पडताळा करावा लागतो. त्यापूर्वी जे हाती असते तो केवळ संशय.

अमेरिकेतील आयडाहो फॉल्स या गावी १९९६ साली अँजी डॉज या तरुणीचा खून झाला. क्रिस्तोफर टॅप नावाच्या तरुणाकडून कबुली घेण्यात आली आणि तो वीस वर्षे तुरुंगात राहिला. घटनास्थळीचा डीएनए मात्र त्याचा नव्हता. २०१४ मध्ये पोलिसांना त्या डीएनएशी पुष्कळसा जुळणारा एक नमुना सापडला. एका गृहस्थांनी कितीतरी वर्षांपूर्वी चर्चशी संबंधित वंशसंशोधनासाठी तो श्रद्धेने दिला होता. त्यांचा मुलगा संशयित ठरला, त्याची चौकशी झाली, आणि सुमारे महिनाभराने तो निर्दोष असल्याचे कळले. बापाने दिलेल्या दानाचा जाब मुलाला द्यावा लागला! पुढे २०१९ मध्ये याच विद्येने खरा खुनी सापडला. खुनाच्या वेळी तो त्या मुलीच्या घरासमोरच राहत असे. त्याच वर्षी टॅप कायद्याने निर्दोष ठरला. त्याच्या सुटकेसाठी झगडणाऱ्यांत मृत मुलीची आई होती, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एकाच विद्येने एका निरपराधाला छळले आणि दुसऱ्याला सोडवले.

आता शरीअतकडे वळू. सूरह बकराला जिच्यावरून नाव पडले ती गाय एका अज्ञात खुनाच्या शोधातली आहे. लोक खून लपवून एकमेकांवर आळ घेत होते आणि अल्लाह तआलाने लपवलेले उघड केले (२:७२-७३). अन्सारी सहाबी अब्दुल्लाह बिन सहल (रजि.) खैबरमध्ये मारले गेले आणि खुनी सिद्ध होईना, तेव्हा पैगंबरांनी (स.) स्वतः शंभर उंट दियत म्हणून दिले, कारण त्यांचे रक्त वाया जावे हे आपणांस पसंत नव्हते. हनफी फिकहमध्ये कसामतचा बाब याच चिंतेतून विस्तारला आहे. वस्तीत मृतदेह सापडला आणि मारेकरी कळला नाही, तर त्या वस्तीतील पन्नास माणसांनी शपथ घ्यावी व वस्तीने दियत भरावी. मृतदेह सार्वजनिक हमरस्त्यावर सापडला तर भार बैतुलमालवर. मदरशात हा बाब मला जुनाट वाटत असे. आज द्रुतगती मार्ग ज्या तालुक्यातून जातो तेथे राहताना, घाटात बेवारस देह सापडल्याची बातमी वाचली की त्याचा अर्थ कळतो: ज्याचा कोणी नाही त्याच्या रक्तालाही कोणीतरी उत्तरदायी असलेच पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, कुरआनने तजस्सुसला, म्हणजे लोकांचे दोष हुडकण्याला, मनाई केली आहे (४९:१२). खरे आहे. पण तजस्सुस म्हणजे जे पाप समोर आलेले नाही ते शोधत फिरणे. येथे पाप आधीच समोर आले आहे; देह रानात पडला आहे. त्याच्या खुन्याला शोधणे हा तजस्सुस नव्हे. मात्र त्या शोधात वाटेवर जे हाती लागते, कोण खरोखर कोणाचा मुलगा, कोणत्या घरातले मूल दत्तक, ते उघड करणे हा नक्कीच तजस्सुस आहे.

नसबाच्या बाबतीत शरीअत किती जपून पावले टाकते पाहा. हजरत उसामा (रजि.) सावळे होते आणि त्यांचे वडील हजरत जैद (रजि.) गोरे, म्हणून लोक कुजबुजत. दोघे चादर पांघरून झोपले असता मुजज्जिज अल-मुदलिजी या जाणकाराने केवळ उघडी पावले पाहून ती एकमेकांची असल्याचे सांगितले, आणि पैगंबरांना (स.) अत्यंत आनंद झाला. या हदीसवरून आपल्या कोकणातील बहुसंख्यांचा शाफई मजहब अशा जाणकाराचे मत नसबात ग्राह्य धरतो, हनफी धरत नाहीत. आपल्या मशिदीत दोघेही एकाच सफमध्ये उभे असतात. पण ती विद्या संशय मिटवण्यास उपयोगी पडली, हे महत्त्वाचे. मक्केच्या फिकह अकादमीने जानेवारी २००२ मध्ये हाच मार्ग धरला: ज्या गुन्ह्यांना हद्द किंवा किसास नाही त्यांच्या तपासात डीएनएचा आधार घेता येईल, सिद्ध असलेला नसब पडताळून पाहण्यासाठी मात्र नाही. हद्द आणि किसास का वगळले? शंकेचा फायदा तेथे आरोपीला मिळतो म्हणून.

आणि आप्त? सूरह निसाची आज्ञा स्वच्छ आहे: साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध वा नातलगांविरुद्ध जात असली तरी न्यायावर ठाम राहा (४:१३५). पण ती आज्ञा माणसाला आहे. त्याच्या इच्छेवाचून त्याची कातडी बोलेल ती कियामतच्या दिवशी, आणि तिला बोलते करणारा अल्लाह असेल (४१:२०-२१). दुनियेत साक्षीदाराला आपण कशाची साक्ष देतो हे ठाऊक असावे लागते.

म्हणून मला फरक असा दिसतो. एका ठराविक खुनासाठी माझे रक्त मागितले, तर मी ते द्यावे आणि भावाची परवानगी विचारू नये. खुन्याच्या आप्तांना नकाराधिकार दिला तर कोणताच खून उलगडणार नाही. पण निव्वळ हौसेने आपली लाळ खुल्या साठ्यात टाकणे ही साक्ष नाही. तेथे मी जे देतो त्यात भावाचा, चुलत्यांचा आणि अजून न जन्मलेल्यांचा वाटा आहे, आणि सामाईक अमानत एकट्याने खर्च करता येत नाही.

हे दूरचे समजू नका. आपल्या देशात डीएनए नोंदींची पेढी उभारू पाहणारे २०१९ चे विधेयक केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये मागे घेतले, हे खरे. पण कोकणी मुसलमानांची घरे केपटाऊनपासून इंग्लंडपर्यंत पसरली आहेत. तेथील भाच्याने वाढदिवसाच्या भेटीत मिळालेल्या नळीत लाळ भरली की कर्जतचे त्याचे मामा न विचारता नोंदले जातात. शिवाय आपल्या सोयरिकी त्याच त्या गावांत, अनेकदा चुलत-मामे नात्यांत. अशा खानदानात दूरचा माणूसही रक्ताने जवळचा दिसतो आणि बोट भलत्याकडे वळू शकते. मग मुलींची स्थळे परत जातात. कोणी दुसऱ्याचे ओझे वाहत नाही, ही आयत (६:१६४) आपण जुम्याला ऐकतो आणि शनिवारी साऱ्या खानदानाला वाळीत टाकतो.

मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखे, अशी हदीस आहे. गागोद्याच्या त्या अस्थी सापडत नाहीत असे सरकारी पक्षाने २०२४ मध्ये न्यायालयात सांगितले. पुढे त्या सीबीआयच्या दिल्लीतील कार्यालयातच असल्याचे निष्पन्न झाले. आपल्यापैकी कोणाच्या घरातून कोणी बेपत्ता असेल, तर आई, वडील किंवा मुलांनी लाज न बाळगता पोलिसांकडे नोंद करावी, आणि ओळख पटवण्यासाठी रक्ताचा नमुना मागितला तर तो द्यावा. कोठे तरी एखादा देह नावावाचून पडलेला असेल, आणि त्याचा जनाजा व्हायचा राहिला असेल.