फोटोतली आजी आणि पुस्तकातल्या लक्ष्मीबाई

मराठी घरात आजी गेली की वर्षभरात तिचं चरित्र तयार होतं, आणि ते फार तर तीन वाक्यांचं असतं. आजी फार प्रेमळ होती. तिच्या हाताला चव होती. देवावर तिची अपार श्रद्धा होती. वर्षश्राद्धाला जेवणाच्या पंगतीत हीच वाक्यं पुन्हा निघतात, कुणीतरी डोळे पुसतं आणि वाढपी पुढे सरकतो. यातलं काही खोटं असतं असं नाही. पण आजीने आयुष्यात काय निवडलं, कशाला नाही म्हटलं, कशावर ती मनसोक्त हसली, यातलं काहीही त्या तीन वाक्यांत मावत नाही. सगळ्यांत मोठा अन्याय होतो तो तिच्या श्रद्धेवर. ती जणू डोळ्यांच्या रंगासारखी जन्मापासून आलेली होती, असं आपण सांगतो. ती तिने कमावली असेल, मोडली असेल, पुन्हा उभी केली असेल, अशी शंकाही आपल्याला शिवत नाही.

मराठीत एक आजी मात्र अशी झाली की तिची तसबीर करून भिंतीवर टांगायच्या आत तिने आपली हकिगत स्वतःच सांगून टाकली. लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली मनकर्णिका गोखले, अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन लक्ष्मी झाली. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. लग्नानंतर नवऱ्याने शिकवलं तेवढंच शिक्षण. उतारवयात सांगितलेली तिची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांची यादी कुणीही केली तरी हे पुस्तक त्यात असतंच.

श्रद्धेचं पहिलं रूप तिने पाहिलं ते भीतीचं. आईचे वडील सत्तावनच्या धामधुमीत फाशी गेले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने असं झपाटलं की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, कुणाची सावली नको, कुणाचा स्पर्श नको. सगळं घर त्या धुण्यापुसण्याखाली दबून गेलं. लक्ष्मीबाई हे सांगतात तेव्हा वाचणारा हसत सुटतो. हसू ओसरल्यावर लक्षात येतं की आपण एका भेदरलेल्या माणसाची आणि त्याच्यापायी होरपळलेल्या बायकामुलांची गोष्ट वाचत होतो. लक्ष्मीबाई मात्र ते बोलून दाखवत नाहीत. प्रसंग मांडतात आणि बाजूला होतात.

टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला पत्ता नाही, पदरात लहानगा मुलगा. त्या काळच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता हे आज कल्पनेनेच जाणायचं. नवरा जिवंत आहे आणि तरीही गेलेला आहे. नातेवाइकांच्या आधाराने तिने दिवस काढले, काही काळ पंढरपुरात. पुढे ती अहमदनगरला नवऱ्याकडे परत गेली ती आपलं सोवळं आणि आपली वेगळी चूल घेऊन. तिने स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारायला आणखी सुमारे पाच वर्षं जावी लागली.

ही पाच वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. नवऱ्यामागे बायको गेली, त्यात कसली आलीय निवड, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही असतील. पण नुसतं मागे जायचं असतं तर ती पहिल्याच वर्षी गेली असती. सोय त्यातच होती. ती आधी जातीपाशी अडली. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न तिने स्वतःशीच घोळवला, त्या माणसांनीच केल्या असं तिचं मन म्हणालं, आणि मग कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवून ती मोकळी झाली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. वडिलांच्या धुण्यापुसण्यात वाढलेल्या मुलीने श्रद्धेचा रस्ता काढला तो स्वयंपाकघरातून, पाण्याच्या भांड्यापासून. धर्मशास्त्राची पुस्तकं तिच्यापाशी नव्हती. जे रोज हाताखालून जात होतं त्यावरच तिने विचार केला. ज्या बाईने असा विचार केला तिला ‘भाबडी’ म्हणायचं धाडस मला तरी होत नाही.

तिच्या लेखनाबद्दल टीकाकार मात्र जवळपास तेच म्हणत आले. साधं, सहज, निरागस, कलेचा आव नसलेलं. स्तुतीच ती, पण तीत एक गृहीत दडलंय: हे पुस्तक बाईंकडून आपोआप घडलं. ते पटत नाही. टिळक हा माणूस सांगायला अवघड. हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा, न सांगता घरातून निघून जाणारा, क्षणात पेटणारा आणि क्षणात विरघळणारा. वर मोठा कवी, बालकवींसारख्या पोराला घरात ठेवून घेणारा. अशा नवऱ्याबद्दल बाई एक तर रडगाणं गाते, नाहीतर आरती. लक्ष्मीबाई यातलं काहीच करत नाहीत. स्वतःची फजिती आधी पुढे करतात, नवऱ्याची तिच्या आडून येते. निवाडा वाचणाऱ्यावर सोडतात. टिळकांचा राग आपल्याला येतो, बाई तर हसतच असतात, आणि आपण रागावलो म्हणून आपल्यालाच जरा ओशाळं वाटतं. ज्याने आयुष्यात एक पान लिहिण्याचा प्रयत्न केलाय, त्याला विचारा हे आपोआप होतं का.

मूळ बेत तर भलताच होता. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायला निघाला आणि त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या. आईने आठवणी दिल्या, आणि पुस्तक झालं ते आईचं. (घरोघरी हेच चालतं. आजोबांविषयी विचारायला बसावं आणि आजीच कळून जावी.)

१९१९ साली टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं. अर्धवट म्हणणंही जास्तच, सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय काय ते झाले होते. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगायचं हा विचार मराठीला नवा नव्हता. फादर स्टीफन्सने गोव्यात १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापलं तेही ओवीतच. लक्ष्मीबाईंनी टिळकांचं काम हाती घेतलं आणि पुढचे साठांहून अधिक अध्याय एकटीने रचले. ही गोष्ट नेहमी पतिनिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात. निष्ठा असेलच. पण दहाच्या पुढे साठ मांडणारी बाई दुसऱ्याचं उरलेलं संपवत नसते, तिला स्वतःला काही सांगायचं असतं. आणि ओवी तिला कुणी शिकवायची गरज होती का? जात्यावर, पाळण्यापाशी, पोथीच्या वेळी तिने लहानपणापासून तीच ऐकलेली. देव नवा, पण त्याच्याशी बोलायची लय तिच्या आजी-पणजीच्या घरातली. धर्म बदलताना सगळं मागे टाकावं लागतं असं मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कडव्या लोकांनी एकदा ‘ख्रिस्तायन’ चाळून पाहावं.

इथे माझं त्या तीन वाक्यांशी असलेलं भांडण पुरतं उघडं होतं. आजी भाविक होती हे आपण तिच्या हातच्या कलेपासून तोडून सांगतो. एकीकडे देवघर, दुसरीकडे गोधडी, रांगोळी, गाणी, गोष्टी. कित्येक आज्यांच्या बाबतीत देवघर हीच एक जागा होती जिथे त्यांना कुणी हाक मारून उठवायचं नाही. देवाचं काम म्हटलं की बाईला वेळ मिळायचा, एकांत मिळायचा, चारचौघींत गळा मोकळा करता यायचा. तेवढ्या आडोशाला त्यांनी जे रचलं त्यात भक्ती किती आणि कारागिरी किती, हे वेगळं काढता येत नाही. या आडोशाचे गोडवे गाऊ नयेत हेही खरं. दुसरी जागा मिळाली असती तर त्यांनी आणखी काय केलं असतं कोण जाणे. लक्ष्मीबाईंना ती थोडी मिळाली, शिकवणारा नवरा आणि लिहायला लावणारा मुलगा मिळाला, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. इतर आल्या नाहीत, याचा अर्थ त्या कमी होत्या असा निघत नाही.

लक्ष्मीबाईंच्या नातवाने, अशोक देवदत्त टिळकांनी, पुढे ‘स्मृतिचित्रे’चं संपादन केलं. आजीवर प्रेम करायची ही रीत मला फार आवडते: तिला हार घालण्यापेक्षा तिचं पुस्तक संपादकाच्या डोळ्यांनी वाचणं. अडचण आमच्यासारख्या बाकीच्या वाचकांची आहे. साहित्यवाले ‘स्मृतिचित्रे’तल्या विनोदाला दाद देतात आणि तिच्या श्रद्धेची पानं भराभर उलटतात, ‘ख्रिस्तायन’ तर त्यांच्या कपाटात नसतंच. चर्चमध्ये तिची श्रद्धा आदराने सांगितली जाते, पण तिथल्या भाषणांतली लक्ष्मीबाई क्वचितच कुणाची टर उडवते. १९३६ साली गेलेली ही बाई दोन ठिकाणी अर्धी-अर्धी वाचली जाते, आणि दोन्हीकडे लोकांना वाटतं की आपल्याकडे ती अख्खी आहे.