भावाकडून ठोका

परभणी जिल्ह्यात आपलं शेत दुसऱ्याला कसायला द्यायचं तर दोन रीती आहेत. बटईनं दिलं तर पीक निम्मं-निम्मं, खर्च बोलीप्रमाणे. ठोक्यानं दिलं तर एकरी ठरलेली रक्कम, मग पाऊस पडो न पडो. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, तसा ठोकाही बहुतेक पाडव्यालाच ठरतो. परक्या माणसाशी हे करताना कुणाला संकोच वाटत नाही. दोन माणसांसमोर बोली होते, आकडा ठरतो, चहा होतो. घरच्या माणसाला मात्र जमीन तिसऱ्याच रीतीनं दिली जाते, आणि त्या रीतीला नाव नाही. ‘भाऊच कसतोय, घरचंच आहे,’ एवढंच सांगतात.

सेलू तालुक्यात दुधनेच्या बाजूला माझ्या नावावर दोन एकर काळी जमीन आहे. वडलांच्या माघारी वाटणीत आलेली. ती माझा धाकटा भाऊ कसतो आणि मी त्याच्याकडून ठोका घेते. एकरी 15 हजार. निम्मे पाडव्याला, निम्मे दिवाळीला. परभणीत शिक्षिकेची नोकरी करून मी निवृत्त झाले, आता पेन्शन आहे. हे ऐकल्यावर बायका आधी गप्प होतात. मग एखादी विचारते, “भावाकडून?” हक्कसोड करून दिलेल्या बाईला असं कुणी विचारत नाही.

प्रश्न वावगा नाही. मला महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. त्याच्या हातात पाऊस नाही आणि बाजारभावही नाही. ज्याच्याकडे बरं आहे त्यानं ओढगस्तीतल्या माणसाकडून घ्यावं, आणि तेही पाठच्या भावाकडून? गरजेच्या मापानं मोजलं तर मी ठोका सोडून द्यायला हवा. पण मग सोडून दिला असं तरी म्हटलं गेलं पाहिजे. बिननावाच्या रीतीत तेच होत नाही. तिथं बहीण दर वर्षी 30 हजार देत असते आणि ते दिल्याचं कुणाच्या गावीही नसतं, बऱ्याचदा तिच्या स्वतःच्याही. उलट दिवाळीला साडी-चोळी, पोतंभर ज्वारी, पाच किलो तूरडाळ घेऊन ती माहेराहून निघते तेव्हा उपकार भावाचे ठरतात. साडी वहिनीनं निवडलेली असते, तिच्या रंगाबद्दलही बोलायची सोय नसते.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1925 मध्ये भेटवस्तूंवर एक दीर्घ निबंध लिहिला. भेट वरवर ऐच्छिक दिसते, पण ती घेणाऱ्यावर परतफेडीचं ओझं ठेवते, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडची गोष्ट त्याच्याही पुढची आहे. इथं ओझं देणाऱ्या बाईवरच चढतं, कारण तिनं काही दिलंय हेच कुणी धरत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राहिली, दळण-कांडण करत राहिली. तिचं विठ्ठलाशी नातं काय होतं यावर आपण शतकानुशतकं बोलतो. त्या दळणाची मजुरी किती झाली असती, हे कुणाच्या मनात येत नाही. ती घरचीच होती ना!

कायद्यानंही हा गुंता आपापल्या परीनं पाहिला आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कुळांसाठी आमच्याकडे हैदराबादचा 1950 चा कुळवहिवाट कायदा लागू झाला. दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा तो कूळ, असं त्यात धरलं आहे. पण मालकाच्या कुटुंबातला माणूस कसत असेल तर तो कूळ नाही. वेगळ्या चुलींचे बहीण-भाऊ एक कुटुंब की दोन, हा वकिलांचा खल. मला त्यामागचा समज महत्त्वाचा वाटतो. घरातल्या घरात मालक आणि कसणारा असे दोन पक्ष असू शकत नाहीत, हे तिथं गृहीत आहे. पुढं 1994 मध्ये महाराष्ट्रानं आणि 2005 मध्ये संसदेनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला. 2005 साली वडील हयात नसले तरी तो हिस्सा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे घरात आता कायद्यानंच दोन पक्ष झाले. मग ते पुन्हा एक करण्यासाठी बहिणीला जीपमध्ये बसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात.

सही करून येणाऱ्या बायकांना मी भोळ्या म्हणणार नाही. नवऱ्यानं टाकलं, सासरी हाल झाले, तर परत जायला एक दार हवं असतं. ते दार उघडं राहावं म्हणून त्या दोन एकर मोजतात. त्यांनी आपला हिशेब केलेला असतो. त्याला माया म्हणायचं बंधन तेवढं त्यांच्यावर असतं. मला नोकरी होती, त्या दाराची गरज पडली नाही, म्हणून मला आकडा बोलता आला. हा फरक मी विसरत नाही.

पहिल्या वर्षी मी बटईचा विचार केला होता. बटईत नफ्याबरोबर तोटाही वाटून घेतात. नात्याला तीच रीत शोभेल असं वाटलं. पण बटईत किती कट्टे निघाले ते विचारावं लागतं. कापूस कुठं घातला, काय भावानं गेला, हेही. भावाच्या खळ्यावर उभं राहून पोती मोजणारी बहीण मला व्हायचं नव्हतं. ठोक्यात काही विचारावं लागत नाही. ठोका म्हणजे कोरडा व्यवहार असं म्हणतात, पण त्यात संशयाला जागा राहत नाही हे कुणी सांगत नाही. भावाचं कारण वेगळं होतं. तो म्हणाला, “अक्का, घे तू. फुकट कसलं तर लोकं म्हणतेत बहिणीचं खातो.”

ठोक्याची खोट मोठी आहे, आणि ती 2025 च्या सप्टेंबरात उघडी पडली. मराठवाडाभर अतिवृष्टी झाली. आमचं सोयाबीन काढणीला आलेलं होतं, ते पाण्यात उभं राहून सडलं. बी, खत, फवारणी, मजुरी, सगळं भावाचं गेलं. माझं काहीच गेलं नाही. वर सरकारी अनुदान सातबाऱ्यावरच्या नावानं येतं, म्हणून ते माझ्या खात्यात जमा झालं. नुकसान एकाचं आणि भरपाई दुसऱ्याला. गावात अशी कितीतरी शेतं आहेत आणि अनुदान आलं की तिथं काय वाद होतात ते सगळ्यांना माहीत आहे.

मी ती रक्कम तशीच्या तशी त्याच्या खात्यावर टाकली. हे दान नव्हतं, ती त्याचीच होती. दिवाळीच्या 15 हजारांचं काय करायचं, यावर मात्र मला विचार करावा लागला. परक्या ठोकेदाराकडून लोक त्या वर्षीही घेत होते. काही जणांनी थोडं सोडलं. मी फोन करून त्याला म्हटलं, या दिवाळीचं राहू दे, माफ. मला वाटलं, आता तरी देणं हे देणं म्हणून दिसेल.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “माफ नको करू. वहीत बाकी लिही.”

मी म्हटलं, “अरे, मीच देतेय ना?”

“तू देशील. पण मग पुढच्या साली आकडा मी कोणत्या तोंडानं बोलू?”

भाऊबीजेला तो आला, ओवाळणीत 500 ची नोट टाकली. जेवण झाल्यावर वही मागितली आणि बाकी लिहिली आहे की नाही ते स्वतः पाहिलं. 15 हजारांखाली मी तारीख घातली नव्हती. ती त्यानं घातली.