गाण्याला किती रात्री लागतात?

‘आधी पोटापाण्याचं बघ, गाणं काय, मागून होईलच.’ मराठी घरात गळा असलेल्या पोराला हे वाक्य ऐकावंच लागतं. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. कारण कोणतं गाणं, हे त्यात कुणी विचारत नाही.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या मधे पिंपळवंडी आहे. या टापूत गाणं आणि पोट यांचे दोन जुने करार शेजारीशेजारी नांदतात. पहिला भजनाचा. कार्तिकात पहाटे काकडा, वर्षातून एकदा हरिनाम सप्ताह, एरवी एकादशीची बैठक. पखवाज वाजवणारा हात दिवसा कांद्याच्या वाफ्यात असतो. हे गाणं शेतीच्या वेळापत्रकातच बसवलेलं आहे. त्याला बिदागीची गरज नाही, नेमाची आहे.

दुसरा करार तमाशाचा. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात. कलावंत उचल घेऊन हंगामभर फडाशी बांधला जातो. रात्री बारी, पहाटे गाडी, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. यात नोकरी बसत नाही, शेतीही जेमतेम. इथे गाणं हीच नोकरी, पण निवृत्तिवेतन नसलेली. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ साली त्या गेल्या, त्या अखेरचे दिवस हलाखीत काढून. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तमाशातल्या अनेकांना ‘आधी पोटापाण्याचं बघ’ हा सल्ला द्यायला कुणी आलं नाही. जातीने आणि जन्माने त्यांच्यासाठी फडच ठरवून ठेवला होता. नोकरी की गाणं, हा पेच पडायलाही आधी नोकरीचं दार उघडं असावं लागतं.

ज्यांना ते उघडं होतं, त्यांची उदाहरणंही एकसारखी नाहीत. अरुण दाते वस्त्रोद्योगातले अभियंता. त्यांनी नोकरी सांभाळत भावगीत गायलं आणि ते घराघरात पोचलं. भावगीत चार-पाच मिनिटांचं. ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकतं, कार्यक्रम सुट्टीच्या संध्याकाळी होतो. शास्त्रीय गायक वसंतराव देशपांडे मात्र लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी करत राहिले. गळा तेव्हाही तोच होता. पण २४ डिसेंबर १९६७ रोजी ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक रंगमंचावर आलं आणि त्यांची खाँसाहेबांची भूमिका गाजली, ती नोकरी सुटल्यानंतर. संगीत नाटकाचे दौरे रजेच्या अर्जावर चालत नाहीत. नोकरीने त्यांचा सूर हिरावला नाही. प्रवास आणि रात्री मात्र अडवून धरल्या.

म्हणून चाकणच्या कंपनीत कामाला जाणाऱ्या पिंपळवंडीच्या तरुणाने पगाराला शत्रू मानू नये. पगार त्याला एक मोठी मोकळीक देतो: नको त्या लग्नाच्या वरातीत, नको ते गाणं गायला नाही म्हणण्याची. खरा अडसर आठवड्याला बदलणाऱ्या पाळीचा आहे. रियाजाला ठरलेली वेळ लागते, आणि एक आठवडा रात्रपाळी, एक आठवडा दिवसपाळी करणाऱ्याचा गळा कधी जागा असावा, हे गळ्यालाच कळत नाही. अशाने थोड्या कमी पगाराची, पण ठरलेल्या वेळेची नोकरी धरावी. भजन, भावगीत, संगत, शिकवणी यांना ती पुरते. ज्याला फड उभा करायचा आहे किंवा ख्यालाची मैफल गाजवायची आहे, त्याला एका टप्प्यावर नोकरी सोडावी लागेल. तोवर दोन वर्षांचा घरखर्च बाजूला टाकून ठेवणं हाही रियाजच समजावा.

एवढं करूनही हिशेब एकट्या कलावंताचा राहत नाही. यात्रेच्या मंडपासाठी, रोषणाईसाठी सैल सुटणारा हात सुपारीच्या वेळी आखडतो, तेव्हा गाण्यावर पोट भरेल की नाही, हे गावच ठरवत असतं. पोराला पोटापाण्याचं बघायला सांगणाऱ्या गावाने त्या सल्ल्यातला आपला वाटाही ओळखावा.