ठिगळ आणि लांबी

आषाढी जवळ आली, की वीणा, पताका, मृदंगाची शाई यांच्याबरोबर सामानाच्या गाडीचीही चौकशी सुरू होते. अकोल्याच्या आमच्या दिंडीची गाडी म्हणजे एक जुनी जीप. दारे गंजलेली, मडगार्डला पोचे आणि तळाचा पत्रा पायाखाली कुरकुरणारा. पेटीत पैसा थोडका. तेव्हा चार मंडळींनी ठरविले, की तूर्त लांबी भरून, वरून रंग मारून वारी काढावी, पुढचे पुढे.

मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "महाराज, गाडी इकाची हाये का चालवाची?"

"चालवायची," आम्ही हसून म्हटले. त्या प्रश्नात काय भरले आहे, ते तेव्हा कळले नाही.

सुतार लाकडाच्या भेगेत भरतो ती लांबी निराळी. गाडीची लांबी, कोणी हिला पुट्टी म्हणतात, राळेसारख्या रसायनात शंखजिऱ्याची पूड घालून केलेली असते. तीत थोडे दुसरे औषध कालवले की काही मिनिटांत ती दगडासारखी होते. मग काचकागदाने घासायची. घासून झाली की मिस्त्री डोळे लावून पाहत नाही, तळवा फिरवतो. डोळ्यांना जो खळगा दिसत नाही तो हाताला कळतो. आम्हांला त्या वेळी आमच्या वऱ्हाडातल्या गुलाबराव महाराजांची आठवण झाली. तान्हेपणीच दृष्टी गेलेली आणि लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. असो.

लांबी मुळात वाईट नव्हे. पोचा ठोकून वर काढला, पत्रा चकचकीत होईतो घासला आणि उरलेल्या उंचसखलावर पातळ थर दिला, तर ती वर्षानुवर्षे टिकते. गंजावर लावली की मात्र घात. गंज हा लोखंड, हवा आणि पाणी यांचा संसार. तो लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फोड येतात. लांबी पाणी पिते आणि ती ओल खालच्या लोखंडाला पोचवीत राहते. वरून गुळगुळीत, आत खाणे चालूच. खरा उपाय एकच: कुजलेला पत्रा कापून टाकायचा, नवा जोडायचा, त्यावर अस्तर द्यायचे. मिस्त्रीने बजावलेही, "तळाले नका लावू, त्याच्यावर मानूस उभा राह्यते." आम्ही म्हटले, लाव बाबा, महिन्याचा तर प्रश्न.

वारी सुखरूप झाली. सर्वांना ठाऊक होते, म्हणून तळावर कोणी पाय देत नसे.

कार्तिकानंतर अमरावतीकडच्या एका लहान दिंडीने गाडी मागितली. आम्ही दिली. किंमत वाजवी घेतली. कोणी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. पुढल्या आषाढात, भर पावसात, एक वृद्ध माउली चढताना तळ फुटला आणि पाय नडगीपर्यंत खाली गेला. हाड वाचले, वारी चुकली.

आता आम्हांस जे छळते ते हे. तीच लांबी आषाढात पाप नव्हती आणि कार्तिकानंतर झाली. मधे तिला कोणी हातही लावला नव्हता! मग खोटेपण लांबीत होते की कोठे? 'आम्ही असत्य बोललो नाही' असे मन म्हणते. बोललो नाही खरे, पण रंग आमच्या वतीने बोलत होता. 'घेणाऱ्याने पारखून घ्यावे' असेही म्हणतात. परंतु पारखता येऊ नये म्हणूनच तर तो लेप होता.

झाकणे सर्वत्र वाईट, असेही म्हणवत नाही. तेराव्या अध्यायात अदंभाचे लक्षण सांगताना ज्ञानोबाराय लोभ्याचा दृष्टांत देतात: जीव गेला तरी तो ठेव्याची जागा सांगत नाही, तसे अदंभी पुरुष आपले पुण्य लपवितो. म्हणजे लपविण्यासाठी संतांनी आपल्याला पुण्य दिले, आणि आम्ही लपविला गंज! पुण्य मात्र गोपीचंदनासह चारचौघांत मिरवीत होतो.

गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले. १८७६ साली शेंडगावी जन्मले, १९५६ साली वलगावजवळ पेढीकाठी देह ठेवला. त्यांचा चिंध्यांचा वेष सर्वांना ठाऊक आहे. ठिगळही तात्पुरतेच असते, पण ते 'येथे फाटले होते' असे ओरडून सांगते. लांबी म्हणते, येथे काही झालेच नाही. गरिबाने ठिगळ लावावे, त्यात कसली लाज? आमच्या जीपवर नुसता पत्र्याचा तुकडा रिबिटांनी ठोकला असता तर गाडी कुरूप दिसली असती, पैसे कमी आले असते, आणि तो पाय शाबूत राहिला असता.

पावसाळा सरल्यावर नव्या पत्र्याचे पैसे घेऊन आम्ही त्या गावी गेलो. माउली ओसरीत बसल्या होत्या, पायावर हळदीचा लेप. पैशांकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"महाराज," त्या म्हणाल्या, "तुमाले मालूम होतं का?"

आम्ही "हो" म्हटले.

त्यांनी बराच वेळ आमच्याकडे पाहिले आणि मग सुनेला चहा ठेवायला सांगितला.