फ्रिजमधले लोणचे

गाजर-काकडीच्या चकत्यांवर व्हिनेगर, मीठ आणि साखरेचे गरम पाणी ओतून बरणी फ्रिजमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी लोणचे तयार. चेन्नईचे मावडू इतके उतावळे नाही. एरंडेल चोळलेल्या बाळकैऱ्या मिठात सुरकुततात, आपल्याच पाण्यात मुरतात. मग झटपट लोणच्याला आळस म्हणावे का? नाही. मावडूची बरणी रोज हलवणारी घरात कोणी बाई असे. तिचा वेळ आपण कधी मोजलाच नाही. तो आता वाचला, तरी किंमत कुणीतरी मोजतेच. फ्रिज विजेवर चालतो, आणि उत्तर चेन्नईतल्या औष्णिक वीजकेंद्राची राख एन्नोरच्या खाडीत साचली आहे. तिथे कोळी जाळी टाकतात. स्वयंपाकघरातला भार उतरला तो कोणाच्या दारात, हे विचारल्याशिवाय सोय निर्दोष ठरत नाही.