साठ वॅटचा माणूस

आमच्या गावाचं नाव कंसात पुरं होतं : तळेगाव (श्यामजी पंत). महाराष्ट्रात तळेगावं उदंड. पुण्याकडे दाभाडे आहे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दशासर आहे. आमची पत्रं आणि आमचे पाहुणे भलत्याच तळेगावात जाऊन पडू नयेत म्हणून नावालाच हे झाकण बसवलेलं. नागपूर-अमरावती रस्त्यावर एस.टी.तून उतरणाऱ्याला हा कंस कधी आठवत नाही. पण तो असतो म्हणूनच तो गृहस्थ बरोबर ठिकाणी उतरतो. सावधगिरीचं हे असं असतं. ती कामाला आली तर दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला पैसे द्यायला कोणी तयार नसतं.

हे सगळं सुचायला कारण आमच्या न्हाणीतला दिवा. घर जुनं. न्हाणी पाच फूट बाय चार. वीज घरात मागाहून आली, तेव्हा तिच्याबरोबर एक पितळी होल्डर आणि एक काळं बटन न्हाणीतही आलं; दोन्ही आतल्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला. पितळेवर हिरवी कळा चढलेली. आषाढात त्या भिंतीला हात लावला तर ती आपल्याआधी अंघोळ करून बसलेली असे. आणि या न्हाणीत, कार्तिक महिन्यात पहाटे चार वाजता, ऐंशीच्या घरातली माझी आई ओल्या हाताने ते बटन दाबी.

दिवा बदलायचा म्हटल्यावर पहिला विरोध तिचाच.

"न्हाणीत उजेड कशाला लागतो रे बाप्पा? अंग आपलंच आहे. कुठं काय आहे ते पाठ आहे."

आमचा जिल्हा सेवाग्राम आणि पवनारचा. इथे न्हाणीतल्या दिव्यावर खर्च करायचा म्हणजे चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. तरी वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जास्त भीतिदायक काय ते ठरवून माझ्याकडेच पाहत म्हणाला, "काई होत नाई जी गुरुजी. आतालोक काई झालं काय?"

आता हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आतापर्यंत काही झालेलं नव्हतं हे खरंच होतं. चार्वाकाने प्रत्यक्षाखेरीज दुसरं प्रमाण मानलं नाही. आमच्या वायरमनने चार्वाक वाचला नसेल, पण दोघांचं चांगलं जमलं असतं. करंट दिसत नाही, सबब नाही. उलट बाजूला बर्ट्रांड रसेलची कोंबडी आहे. १९१२ साली छापलेल्या एका पुस्तकात रसेलसाहेबांनी ही कोंबडी पाळली. मालक तिला रोज दाणे टाकी, आणि माणूस आला म्हणजे दाणे आले अशी तिची खात्री होऊन बसली. एके दिवशी त्याच हाताने तिची मान पिरगाळली. आमच्या नागपूरकडे ही गोष्ट सांगितली तर ऐकणारा रसेलचं सोडून रस्सा सावजी होता का ते विचारील. पण मुद्दा कळायला हरकत नाही : "आतापर्यंत काही झालं नाही" हे त्या कोंबडीचं शेवटच्या दिवसापर्यंतचं तत्त्वज्ञान होतं, आणि शेवटचा दिवस सोडला तर ते रोज बरोबर ठरत होतं.

"अन् फ्यूज हाये न जी!" वायरमनने हुकमाचं पान टाकलं.

फ्यूजवर आपणा मध्यमवर्गीयांची फार श्रद्धा. पण फ्यूज माणसासाठी नसतोच, तो तारेसाठी असतो. तार तापून घर पेटू नये एवढंच त्याचं काम. हिशेब सोपा आहे. घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या, अनवाणी माणसाच्या अंगाचा विरोध उतरत उतरत हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. म्हणजे त्याच्यातून पाव अँपिअरला थोडा कमी करंट जाईल. माणूस गतप्राण व्हायला तेवढा पुष्कळ झाला. सहा अँपिअरच्या फ्यूजला मात्र वाटतं, घरात कोणीतरी आणखी एक दिवा लावला. पन्नास-साठ वॅटचा. आयुष्यभर आपण कोण, कुठले, काय योग्यतेचे याची चिंता करावी, आणि बोर्डाच्या दृष्टीने आपली किंमत एका पिवळ्या बल्बाएवढी निघावी!

माणसाला बल्बापासून वेगळं ओळखणारं यंत्र निराळं. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात आणि ते दिव्याहून कितीतरी महाग पडतं. ते मुनिमासारखं असतं. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा मेळ बसतो का, एवढंच ते पाहत बसतं. ३० मिलिअँपिअरची तूट आली, की ती कोणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली असेल असं समजून पापणी लवते न लवते तोच दुकान बंद करतं. फ्यूजच्या सहा अँपिअरचा हा दोनशेवा हिस्सा. इतका चोख मुनीम आर्वीच्या सगळ्या पेठेत सापडणार नाही.

दिवाही आणला. त्याच्यावर आय.पी. लिहून पुढे आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे नुसते शिंतोडे सोसणारा. ६५ म्हणजे धूळ आत न घेणारा आणि पिचकारीला न घाबरणारा. आमच्याकडे वैशाखात धूळ आणि आषाढात पाणी, तेव्हा दोन्ही आकडे चांगले बघून ६५ घेतला : जाड झाकण, कडेने रबर, अंग प्लॅस्टिकचं. नियमवाल्यांनी न्हाणीचे पट्टे पाडून ठेवलेत. टबाच्या आत बारा व्होल्टच्या वर काही नको, नळाभोवती सव्वादोन मीटर उंचीपर्यंत जपून, पुढे आणखी साठ सेंटिमीटर. हे पट्टे मोठ्या न्हाणीघरांना शोभतात. आमच्या न्हाणीत पाटावर बसल्या जागी चारी भिंतींना हात लागतो. म्हणून दिवा छताला.

लावताना वायरमनने तार जाते तिथलं भोक उघडंच ठेवलं. म्हणजे दाराला सात कुलपं आणि खिडकी सताड. ते रबरी बूच बसवून घेईपर्यंत मी स्टुलाखालून हललो नाही. तो मात्र वर उभा राहून बोटाने तार चाचपत होता. मला राहवलं नाही. विचारलं, "हे ३० मिलिअँपिअरचं तुझ्या घरी आहे का रे?"

तो जरा वेळ स्क्रू पिळत राहिला. मग म्हणाला, "हाये न जी. घरी लेकरं हायेत."

मला वाटतं, सगळा प्रश्न इथेच आहे. स्वतःच्या जिवाशी कोणी जुगार खेळायचा तर खेळो. त्याला शूर म्हणा नाहीतर येडा म्हणा. पण न्हाणीत शिरणारा माणूस बोर्ड तपासून शिरत नाही. पाहुणा तर नाहीच नाही. तो कपडे खुंटीला टांगतो, आतून कडी लावतो आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहतो. इतकं निःशंकपणे माणूस देवळातही उभा राहत नसेल. त्याने कधी न पाहिलेल्या कोणीतरी अर्थिंगची तार नीट आवळली असेल, या भरवशावर तो तांब्या डोक्यावर ओततो. तो भरवसा त्याने मागून घेतलेला नसतो. आपण त्याला पंचा आणि साबण देतो, त्याबरोबर तोही दिलेला असतो.

एक अडचण राहिली. ओला हात पोचू नये म्हणून बटन बाहेर, बोळीत गेलं. सुरक्षितता आली, पण आतल्या माणसाचा उजेड बाहेरच्यांच्या हातात गेला. आमच्या पुतण्याच्या मुलाला शाळेत वीज वाचवायला शिकवलंय. दिसलं पेटलेलं बटन की विझव, हा त्याचा धर्म. पहिल्याच आठवड्यात त्याने आजीला दोनदा अंधारात न्हाऊ घातलं. आई रागावली नाही. तिला तर हे सवयीचंच होतं.

तिने आपला जुना उपाय काढला. पूर्वी न्हाणीला दार नव्हतं, नुसतं गोणपाट होतं, तेव्हा आतल्या माणसाने अधूनमधून खाकरायचं अशी रीत होती. आता आई ६५ नंबरच्या दिव्याखाली, ३० मिलिअँपिअरच्या पहाऱ्यात, आतून कडी लावून खाकरते. काल पहाटे बोळीतून जाताना माझाही हात सवयीने बटनाकडे गेला. आतून खाकरणं ऐकू आलं. मी हात मागे घेतला आणि चहा ठेवायला गेलो.